उद्योगशिक्षणाचा वर्ग आणि आपली पेढी

आपल्या मंडळाच्या गेल्या दहा-बारा वर्षांच्या स्मरणिका कपाटातून काढून चाळल्या, तर एक छायाचित्र त्यांत हटकून सापडते. मध्यभागी प्रमुख पाहुणे, दोन्ही बाजूंस विश्वस्त, समोर सतरंजीवर प्रमाणपत्रे छातीशी धरून बसलेल्या मुली आणि मागे झेंडूच्या माळा घातलेली शिवणयंत्रे. पाहुणे दरवर्षी बदलतात, माळा तेवढ्याच ताज्या असतात. त्या छायाचित्रांत आम्हीही कोठे ना कोठे उभे आहोत, हे प्रथमच कबूल केलेले बरे. म्हणजे पुढे जे लिहिणार आहोत ते दुसऱ्यावर दोष ढकलण्यासाठी लिहिले, असा समज कोणाचा होणार नाही.

यंदा दिवाळीपूर्वी जुने दप्तर लावताना आमच्या मनात एक साधा प्रश्न आला. या मुलींचे पुढे काय झाले? आपण व्यापारी माणसे. माल गेला तर तो कोणाकडे गेला, पैसा कधी येणार, किती बुडीत धरायचा, हे आपल्या खतावणीत पानोपानी असते. परंतु ज्या वर्गावर मंडळाने वर्षानुवर्षे खर्च केला, त्याची खतावणीच नाही. यंत्रांची पावती आहे, समारंभाच्या मंडपाची व अल्पोपाहाराचीही पावती आहे. शिकून बाहेर पडलेल्या मुलींची मात्र नुसती नावे आहेत, तीही काही वर्षांचीच. ज्यांचा पत्ता लागला त्यांना आम्ही निरोप धाडले. शिकलेल्या कामावर पोट भरणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. बाकीच्या पूर्वी जे करीत होत्या तेच करीत आहेत: घरी बसून नगावर साडीला टिकल्या चिकटविणे, लेस लावणे, धागे कापणे. आणि हे काम त्यांना कोणाकडून येते? मध्ये एक मध्यस्थ आहे, त्याच्यामागे आणखी एक. त्यांच्यामागे जाता जाता आम्ही रिंग रोडवरच्या आपल्याच सभासदांच्या दुकानांपर्यंत येऊन पोहोचलो.

येथे सुरतेतील आपल्या स्थितीविषयी दोन शब्द सांगावे लागतील, कारण ही स्मरणिका धुळे, जळगाव, नंदुरबारकडील आप्तेष्टांकडेही जाते. आपली बहुतेक कुटुंबे खानदेशातून येथे आली. सुरतेची साडी खानदेशच्या बाजारांत नेऊन विकता विकता काहींनी येथेच गाळा घेतला आणि मुलाबाळांसह स्थायिक झाली. त्याच उधना-जळगाव गाडीने आपल्याबरोबर, परंतु वेगळ्या डब्यातून, खानदेशातील शेतमजूर, लहान शेतकरी आणि त्यांची मुलेही आली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतून फिरले तर आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडावा, इतकी अहिराणी व मराठी कानी पडते. येथील महानगरपालिका सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालविते व त्यांत मराठी आहे, हे बाहेरच्या लोकांना सांगितले तर नवल वाटते. त्या शाळांतून सातवी-आठवी करून बाहेर पडलेली मुले-मुली हाच आपल्या वर्गाचा विद्यार्थिवर्ग. त्यांच्या आणि आपल्या घरांत भाषा एक, सणवार बरेचसे एक. अंतर फक्त गादीच्या वरचे आणि गादीच्या खालचे.

वर्गाचे काम गेल्या वर्षी नव्या संचालिका बाईंकडे आले. पूर्वी त्या शाळेत शिकवीत, आणि त्यांना वर्गात अजूनही सर्वजण 'बाई' असेच म्हणतात. त्यांनी पहिले दोन आठवडे वर्ग उघडलाच नाही. विश्वस्तांपैकी एकदोघांनी त्याबद्दल कुरकुर केली, आम्हीही केली. बाई त्या काळात कापडबाजारातून हिंडत होत्या. एका मजल्यावर उभे राहावे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेथे कोण काय काम करतो ते वहीत टिपावे, असा त्यांचा क्रम होता. दोन आठवड्यांनी त्या वही घेऊन बैठकीस आल्या आणि म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या बाजारात शिवणाऱ्या बाईला कामच नाही. तुम्ही साडी विकता. साडीला शिवण किती?"

बैठकीत हशा पिकला, पण तो लवकरच ओसरला. वहीत होते ते असे. दूरच्या गावचा व्यापारी भ्रमणध्वनीवर साडीची छायाचित्रे पाहून मागणी पाठवितो. ती वाचून, गोदामातील मालाशी पडताळून, रंगवार जुळणी करून देणारा माणूस दुकानांत मिळत नाही. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, तेव्हा याच बाजाराने दीर्घकाळ हरताळ पाळला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. कर राहिला, आणि २०१८ च्या एप्रिलपासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिलही लागू झाले. ही कागदपत्रे बिनचूक भरणारा मेहताजी मिळविण्यासाठी दुकानदार एकमेकांची माणसे ओढतात. संगणकावर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी यंत्रांवर धागा तुटला, नक्षी सरकली, तर ते जाणणारे कारागीर कमी. प्रोसेस हाउसांत रंगाची मात्रा वजन करून नोंदणारी मुले कमी. आणि आपण मात्र वर्षानुवर्षे शिवण शिकवीत बसलो, कारण शिवणयंत्र देणगीदाराच्या नावाची पट्टी लावायला सोयीचे असते! हा शेवटचा शेरा बाईंचा नव्हे, आमचा आहे.

उद्योगशिक्षणाचे काम चालविणाऱ्याने प्रथम काय करावे, याचा हा वस्तुपाठ होता. त्याने फळ्यापाशी जाण्यापूर्वी बाजारात जावे. परंतु खरा पेच पुढेच आहे, आणि तो सोडविणे एकट्या बाईंच्या हाती नाही.

बाईंनी त्या बैठकीत एकच मागणी केली. यंत्रे नकोत, मंडप नको. वर्ग सुरू होण्याआधी सभासदांनी लेखी जागा द्याव्यात. म्हणजे अमुक दुकानात अमुक काम, इतका पगार, आणि वर्गातून निघालेल्या मुलाला अगर मुलीला ती जागा. तीस जागा लिहून मिळाल्या तर तीसजणांना शिकवीन, दहा मिळाल्या तर दहांना. एकही न मिळाली तर वर्ग उघडणार नाही. बैठकीत देणग्यांचे आकडे पटापट पडले होते, या मागणीवर शांतता पसरली. एका वडीलधाऱ्या सभासदांनी प्रामाणिकपणे जे बोलून दाखविले ते अनेकांच्या मनात होते. ते म्हणाले, "मी माणूस ओळखीने ठेवतो. गल्ल्याजवळ बसणारा माणूस प्रमाणपत्रावर कसा ठेवू?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला व्यापार विश्वासावर चालतो. दलालाचा शब्द आणि आडतीची चिठ्ठी यांवर लाखोंचा माल हलतो. परंतु थोडा विचार करता दिसेल की, ओळख म्हणजे आपण ज्याला ओळखतो त्याची ओळख. लिंबायतच्या मुलीला ओळखणारा आपल्या बाजारात कोणी नसतो, म्हणून ती आजन्म टिकल्या चिकटवीत राहणार. तिच्या वतीने जबाबदारीने शब्द देणारी व्यक्ती हवी, आणि वर्गाची संचालिका ही ती व्यक्ती होऊ शकते. तिने महिने-दोन महिने त्या मुलीची वेळ, बोलणे, हिशेबातील नीटपणा पाहिलेला असतो. असा शब्द दलालाच्या शब्दापेक्षा हलका का मानावा? मात्र दलालाची पत जशी बुडालेल्या मालाने जाते, तशी संचालिकेचीही जावी. म्हणजे तिने वाईट माणूस चांगला म्हणून पाठविला तर तिला जाब विचारण्याची आपल्याला सोय असावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "शिकविलेला माणूस टिकत नाही. आम्ही सहा महिने शिकवायचे आणि शेजारच्या गाळ्याने हजार रुपये जास्त देऊन न्यायचे." हे खरे आहे, आणि हे ऐकताना आम्हांस काही शेजाऱ्यांचे चेहरेही दिसू लागले, त्यांना आमचा चेहरा दिसत असेल. परंतु नेमके याच कारणासाठी शिक्षणाचे काम एकेका दुकानाने न करता मंडळाने करावयाचे असते. एका दुकानाने शिकविलेला माणूस गेला तर त्या दुकानाचे नुकसान. मंडळाने शिकविलेला माणूस एका सभासदाकडून दुसऱ्याकडे गेला तर मंडळाचे काहीच गेले नाही, आणि त्या माणसाचा पगार वाढला हे तर आपल्या कामाचे फळच समजावे. धर्मशाळा एकट्याने न बांधता सर्वांनी मिळून बांधतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की, सुरतेत हातांची वाण कधी पडत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? या नगरीने वैभवाचे चढउतार अनेक पाहिले. सतराव्या शतकातील श्रीमंत व्यापारी वीरजी व्होरा हे जैन होते. १६६४ मध्ये शिवछत्रपतींच्या स्वारीत त्यांची पेढी लुटली गेली. (मराठी म्हणून अभिमान आणि व्यापारी म्हणून हळहळ, अशी आपली त्या प्रसंगी मोठी अडचण होते.) पुढे १६८७ मध्ये इंग्रज कंपनीने मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि बंदराचा जोरही हळूहळू ओसरला. तरी जरीचे काम करणारी घराणी येथेच राहिली, कारण कला त्यांच्या बोटांत होती आणि ती बापाकडून मुलाकडे जात होती. व्यापार हलतो तेव्हा गावात जे उरते ते कसब.

अलीकडच्या काळात मात्र आपण कसब न वाढविता केवळ हात गोळा केले. हिऱ्याच्या धंद्याकडे पाहावे. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ या शहरात व आसपास घडतात असे सांगतात. पूर्वी ज्यांना हिराघसू म्हणत त्यांना आता रत्नकलाकार हे सुंदर नाव मिळाले आहे. परंतु घंटीवर बसणाऱ्या मुलाला बहुधा एकच टप्पा शिकविला जातो. कोणी वरचे पैलू पाडतो, कोणी तळाचे, आणि दहा वर्षांनंतरही संपूर्ण हिरा घडविणे त्याला येत नाही. त्यामुळे धंद्यास ओहोटी लागली की तो जागच्या जागी बसतो. २००८ च्या दिवाळीच्या सुटीनंतर कित्येक कारखाने उघडलेच नाहीत, आणि रत्नकलाकार बिऱ्हाड बांधून सौराष्ट्रात परत गेले. तीच गत अलीकडे पुन्हा झाली. २०२३ च्या डिसेंबरात हिरेबाजाराच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले, आणि त्याच सुमारास बाहेरदेशची मागणी खालावत होती. २०२५ च्या मे महिन्यात राज्य शासनाला बेकार रत्नकलाकारांच्या मुलांच्या शालेय शुल्कासाठी साहाय्य जाहीर करावे लागले, आणि ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के जकात बसविली. या शहरात १९७८ पासून हिरेकामाचे शिक्षण देणारी इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट आहे. तिच्यासारख्या संस्थेत आखणीपासून पारखीपर्यंत शिकलेला माणूस आणि घंटीवर एकच पैलू शिकलेला माणूस यांत मंदीच्या दिवसांत काय फरक पडतो, हे हिऱ्याच्या व्यवहारात असलेल्या सभासदांना विचारावे.

कापडाचेही तेच. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी हे शहर काही दिवसांत सोडले. २०२० च्या टाळेबंदीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील मागवाले 'आम्हांस घरी पाठवा' म्हणून रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना आपल्या मालामागच्या माणसांची नावे ठाऊक होती? आपण मुकादमाला ओळखत होतो. ज्याचे नाव आपल्या वहीत नाही तो संकटात आपल्याजवळ का थांबावा?

या बाबतीत आपल्याच समाजातील एका पुरुषाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन घरात १८८७ मध्ये जन्मले. शिक्षणमहर्षी म्हणून त्यांची कीर्ती होण्यापूर्वी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव विकत हिंडत, हे आपण व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली; साताऱ्यास १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले, मंगळसूत्रसुद्धा. परंतु आम्हांस येथे त्यांच्या त्यागापेक्षा त्यांची रीत महत्त्वाची वाटते. मुलाने आधी शिकावे आणि मग दारोदार काम शोधावे, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. 'कमवा आणि शिका' यात कमवा हा शब्द आधी आहे. काम आधीच हाती असे, आणि शिक्षण त्या कामाच्या बरोबरीने चाले. आपल्या बाई जागा आधी लिहून मागतात त्यात निराळे काय आहे?

आणि भाऊरावांनी पंगतीत कोण बसावे हे जातीवरून ठरविले नाही, हेही ओघाने आलेच. आपल्या मंडळात अधूनमधून सूर निघतो की, पैसा आपला तर वर्गही आपल्याच मुलांसाठी असावा. साधर्मिकांचे साहाय्य प्रथम. गरजू साधर्मिकांसाठी मंडळाचा निराळा निधी आहे आणि तो वाढवावा, यास आमचा पाठिंबा आहे. परंतु आपली मुले दुकानात बसूनच शिकतात. झाडलोट, पाण्याचा माठ, मग रोजमेळ, मग उगाही, असा तो जुना व उत्तम वर्ग त्यांना घरबसल्या मिळतो. ज्याला असे दुकान नाही त्याच्यासाठी मंडळाचा वर्ग.

शासकीय योजनांचाही अनुभव समोर आहे. २०१५ मध्ये कौशल्यविकासाची मोठी मोहीम निघाली. पुढच्याच वर्षी शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या रचनेवर कठोर टीका केली. उद्योगास हवे ते कसब मिळत नाही आणि तरुणास बऱ्या पगाराचे कामही मिळत नाही, असा त्या टीकेचा मथितार्थ होता. संख्येचे लक्ष्य ठेवले की प्रमाणपत्रे वाढतात. आपल्या छायाचित्रांत जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर झाले. याउलट मुंबईत खेरवाडी येथे १९२८ मध्ये बाळासाहेब खेर यांनी स्थापिलेल्या समाजसेवी संस्थेने १९९८ पासून 'युवा परिवर्तन' या नावाने, शाळा सुटलेल्या मुलांसाठी अल्प मुदतीचे वर्ग काढले. शिक्षणाचा काळ थोडा ठेवण्यातले शहाणपण गरीब घरात वावरलेल्यालाच कळते. ज्या घरी मुलाची रोजची मजुरी मोजलेली असते तेथे वर्षभराचा वर्ग ही चैन ठरते.

आता ज्या गोष्टीने काही सभासद आमच्यावर रुष्ट होतील ती सांगतो. वर्गाची संचालिका मानद असू नये. ज्या पेढीचा मुनीम मानद असेल तिला आपण माल उधार देऊ काय? आजवर आपण या कामासाठी निवृत्त, सुस्वभावी, फावल्या वेळात येणारी माणसे शोधली आणि त्यांच्या निरपेक्ष सेवेचा गौरव या पानांतून केला. त्या सेवेचा अनादर आम्ही करीत नाही. परंतु निरपेक्ष माणसाकडून हिशेब मागता येत नाही, आणि त्यालाही आपल्याला खडसावता येत नाही. बाईंना दुकानदाराकडे जाऊन 'तुम्ही कबूल केलेला पगार दिला नाही' असे म्हणावयाचे आहे. ते उपकाराने आलेल्या माणसाला जमणार नाही. पूर्ण वेळ, पूर्ण पगार आणि कोणत्याही सभासदाच्या दुकानात शिरून आपल्या विद्यार्थ्याची चौकशी करण्याचा अधिकार, इतके त्यांना मिळावे. मोबदल्यात आपण त्यांच्याकडून एकच खतावणी मागावी: जागेवर लागलेला प्रत्येकजण एक वर्षानंतर कोठे आहे आणि काय मिळवितो.

पैशाची सबब फारशी टिकणारी नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे, लहानांना ऐच्छिक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासनाने सोसावयाचा असे ठरले. आपल्यापैकी कितीजणांनी त्यासाठी नोंदणी केली, हे आम्ही विचारून पाहिले. उत्तर येथे छापण्याजोगे नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत, आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे त्यांत सांगितले आहे. म्हणजे बाई जो कागद सभासदांकडे विनंती करून मागत आहेत, तो देणे आता कायद्यानेच आपल्याकडे आले.

बैठकीनंतर मंडळाच्या कार्यालयात एक लाल बासनाची वही ठेवण्यात आली आहे. तिच्यात तीस ओळी आखल्या आहेत. प्रत्येक ओळीत दुकानाचे नाव, काम, पगार व मालकाची सही यांसाठी जागा आहे. हे लिहीत असता त्यांतील चार ओळी भरल्या असून एक आमची आहे, आणि ती भरताना पगाराच्या रकान्यापाशी आमचाही हात थोडा वेळ थांबला होता. लाभपंचमीला बाजार उघडेल त्या दिवशी बाई वहीतील ओळी मोजतील आणि तितक्याच मुलांना निरोप पाठवितील. कार्यालय रविवार सोडून रोज दुपारी दोन ते सहा उघडे असते.